शहर ‘उरकणं’ आणि शहरात हिंडणं

उतारू

नऊ वर्षांपूर्वी एका टूरबरोबर दोन दिवस लंडनला होतो. बकिंगहॅम पॅलेस, वेस्टमिन्स्टर, ट्रफाल्गर चौक, टॉवर ब्रिज, सगळं झालं. घरी आल्यावर पुतण्याने सहज विचारलं, “काका, ट्रफाल्गर चौकापासून बिग बेन किती लांब?” मला सांगता येईना. दोन्हीकडे मी उभा राहिलो होतो, दोन्हीकडचे फोटो होते, पण मधे काय होतं ते ठाऊक नव्हतं. मधे बसची खिडकी होती आणि माईकवर पुढच्या ठिकाणाची माहिती चालू होती.

यंदा कामासाठी तीन आठवडे तिथेच राहायचा योग आला. संध्याकाळ आणि शनिवार-रविवार मोकळे. पहिल्याच संध्याकाळी त्या चौकात उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं, तर व्हाइटहॉलच्या टोकाला बिग बेनचा मनोरा समोर दिसत होता. रमतगमत पंधरा मिनिटं. पुतण्याला तिथूनच फोन केला.

दुसऱ्या दिवशी भुयारी रेल्वेने कोव्हेंट गार्डनला निघालो. लेस्टर स्क्वेअरला गाडीत बसलो आणि नीट टेकायच्या आत उतरायची वेळ आली. या दोन स्टेशनांमधलं अंतर जेमतेम २६० मीटर आहे! रेल्वेच्या नकाशावरून ते कळायला मार्ग नाही. हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने १९३१मध्ये विजेच्या सर्किटच्या आकृतीसारखा हा नकाशा काढला आणि १९३३मध्ये तो छापून प्रवाशांच्या हातात आला. आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांतल्या रेघा. जमिनीवरचं म्हणावं असं त्यात एकच, थेम्स नदी. गाडी कुठे बदलायची हे सांगायला याहून चांगला नकाशा नाही. पण आपण त्यालाच शहर समजून बसतो आणि दर चार पावलांना जमिनीखाली शिरतो.

मग मी चालू लागलो. आता ज्या एका गोष्टीसाठी हा धागा काढला ती सांगतो.

सेंट पॉल कॅथीड्रलच्या उत्तरेला, ऑफिसांच्या इमारतींमधे एक छोटी बाग आहे, पोस्टमन्स पार्क. मी शोधत गेलो नव्हतो, पाऊस आला म्हणून आत शिरलो. तिथे एक लाकडी पडवी आहे आणि तिच्या भिंतीवर चिनी मातीच्या फरशा. प्रत्येक फरशीवर दुसऱ्याचा जीव वाचवताना मेलेल्या एका साध्या माणसाचं नाव. जी. एफ. वॉट्स या चित्रकाराच्या आग्रहातून १९००मध्ये हे स्मारक उभं राहिलं. राजा नाही, सेनापती नाही. एका फरशीवर ॲलिस एअर्सचं नाव आहे, बिगाऱ्याची मुलगी. २४ एप्रिल १८८५ला युनियन स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागली, तेव्हा तिने तीन मुलांना वाचवलं आणि स्वतः गेली.

फरशीवर रस्त्याचं नाव होतं म्हणून नकाशात पाहिलं. नदीपलीकडेच. पुढच्या शनिवारी सेंट पॉलपासून मिलेनियम पुलावरून पलीकडे गेलो आणि युनियन स्ट्रीट या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. तिथे जवळच एअर्स स्ट्रीट आहे, तिचंच नाव दिलेला. त्या पाटीखाली मी बराच वेळ उभा होतो. आजूबाजूने माणसं कामाला जात होती.

बाग, पूल, रस्ता आणि ती मुलगी यांची माझ्या डोक्यात एक गाठ बसली आहे, ती आता सुटणार नाही. टॉवर ब्रिज दोनदा पाहिला, तो मात्र फोटोतलाच राहिला.

माझं म्हणणं असं. स्थळं बघायला जाण्याची एक तयारी असते, यादी, तिकिटं, वेळा. मोकळं हिंडायलाही तयारी लागते, फक्त ती वेगळी. ती काय, हे मला अजून पुरतं उमगलेलं नाही. तुम्ही लोक काय करता?

भिंगरी

ॲलिस एअर्सचं वाचून थांबले थोडा वेळ. धाग्याबद्दल मनापासून आभार.

वेगळ्या तयारीबद्दल पूर्ण सहमत. मी करते ती एकच गोष्ट: जाण्याआधी त्या शहराचं व्याकरण शिकून घेते. प्रत्येक शहराला असतं. पॅरिसचं सांगते. शहराचे २० विभाग आहेत, मधून सुरू होऊन गोगलगायीच्या शंखासारखे उजवीकडे वळत बाहेर गेलेले. रस्त्याच्या निळ्या पाटीवर विभागाचा आकडा असतो, त्यामुळे १ ते ४ दिसलं की आपण गाभ्यात आहोत आणि १८-१९ दिसलं की उत्तरेच्या कडेला आलो, एवढं फोन न काढता कळतं.

याहून सुंदर आहे ते घरांच्या क्रमांकांचं. १८०५पासूनची पद्धत आहे. सीन नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यांवर नदीकडून क्रमांक सुरू होतात. नदीला समांतर रस्त्यांवर ते प्रवाहाच्या दिशेने वाढतात. म्हणजे अनोळखी गल्लीत उभं राहून दोन दरवाज्यांवरचे आकडे वाचले की नदी कुठे आहे ते समजतं! मला हे कळलं त्या दिवसापासून पॅरिसमध्ये हरवायची भीती गेली, आणि भीती गेल्यावर मुद्दाम हरवता येऊ लागलं.

तिसरा_मजला

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

मी आईवडिलांना टूरनेच नेलं होतं आणि त्याची मला जराही खंत नाही. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, आई कधी एकटी राज्याबाहेर गेली नव्हती. त्यांच्या हातात नकाशा देऊन “मोकळं हिंडा” म्हणणं म्हणजे त्यांना खोलीत कोंडण्यासारखंच होतं. टूरमुळे ते गेले. आयफेल टॉवरखाली उभं राहून वडील रडले होते, तो क्षण यादीतलाच होता.

टूर या प्रकाराची सुरुवातही बघा. थॉमस कुकने ५ जुलै १८४१ला लेस्टरहून लफबरोला खास आगगाडीने सुमारे ५०० माणसं नेली, दारूबंदीच्या सभेसाठी. त्याआधी हौसेने प्रवास करणं हे जहागीरदारांच्या पोरांचं काम होतं. पुढे याच आयोजित सहलींमुळे बायकांना घरच्या पुरुषाशिवाय परदेश बघता आला. यादीनेच कितीतरी लोकांसाठी दार उघडलं.

जो दोन दिवसांसाठी, आयुष्यात एकदाच जातो त्याने बिग बेन पाहावा. अगदी पाहावा.

उतारू

तिसरा_मजला, राग कसला? तुमच्या वडिलांचं वाचून माझा सूर जरा चढा लागला होता असं वाटलं. ‘उरकणं’ हा शब्द मी माझ्यापुरता वापरला होता. मी खरोखरच उरकलं होतं. तुमच्या वडिलांनी नाही उरकलं.

एक मात्र आहे. दोन दिवसांतही अर्धा तास मधल्या वाटेला देता येतो. आम्हाला बसने नेलं ते अंतर चालण्याजोगं होतं. तेवढी वाट पायी नेली असती तरी दोन ठिकाणं एकमेकांना जोडली गेली असती.

सावकाश

नगररचनेशी माझा कामाचा संबंध आहे म्हणून लिहितो.

केव्हिन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराने १९६०मध्ये मांडलेलं एक निरीक्षण इथे चपखल बसतं. त्यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या लोकांना आपल्या शहराचा नकाशा आठवणीतून काढायला सांगितला. लोकांच्या नकाशांत पाचच प्रकारच्या गोष्टी येत होत्या: वाटा, कडा, मोहल्ले, नाके आणि खुणा. टूर आपल्याला फक्त खुणा देते. वाटा आणि कडा चालल्याशिवाय मिळत नाहीत. उतारूंना नेमक्या त्याच मिळाल्या नव्हत्या.

मी प्रवासात रोज रात्री कोऱ्या कागदावर त्या दिवसाचं शहर काढतो. प्रमाणात नसतं, चुकलेलं असतं. दुसऱ्या दिवशी जिथे कागद कोरा राहिला तिकडे जातो. वेगळी यादी लागत नाही.

फोनबद्दलही सांगतो. निळ्या ठिपक्याच्या मागे चालताना आपण वळणं घेतो, पण ठरवत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांतले जवळपास २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यात तीन-चार वर्षं जातात. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या मेंदूतल्या हिपोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. जागेची आठवण जपणारा हा भाग. आपल्याला काही परवाना काढायचा नाही. पण दिवसातून एकदा फोन खिशात ठेवून, “नदी डावीकडे, टेकडी पाठीमागे” एवढ्यावर परत यायचा प्रयत्न करावा. जी वाट आपण ठरवली ती लक्षात राहते.

पैलतीर

+१ सावकाश. रात्रीच्या नकाशाची कल्पना उचलतोय.

भिंगरी यांच्या ‘व्याकरणा’त भर घालतो. टोकियोला गेलो तेव्हा पहिले दोन दिवस अक्षरशः आंधळ्यासारखा होतो. तिथे बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत! पत्ता ठोकळ्यांचा असतो. विभाग, त्यातला ठोकळ्याचा क्रमांक, त्यातला इमारतीचा क्रमांक. रस्ता म्हणजे दोन ठोकळ्यांमधली मोकळी जागा. हे डोक्यात उतरल्यावर मी रस्ते शोधणं सोडलं आणि ठोकळ्याला फेरी मारू लागलो. त्या फेऱ्यांमधेच मला टोकियो आवडलं. मोठ्या रस्त्यावर दहा मजली काचा, आणि एक वळण आत गेलं की कुंड्या, सायकली, एखादं बोटभर देऊळ.

व्हेनिसमध्ये उलट. तिथे भिंतींवर बाण असतात, ‘रिआल्टोकडे’, ‘सान मार्कोकडे’. सगळी गर्दी त्या बाणांमागे वाहते. मी बाणाच्या विरुद्ध वळायचं ठरवलं. दोन पुलांनंतर कपडे वाळत घातलेले आणि पाण्याचा आवाज. ४००हून अधिक पूल आहेत त्या गावात आणि लोकांची ये-जा ठरावीक काहींवरूनच. घरांचे क्रमांक मात्र विचारू नका. अख्ख्या विभागाला एकच मालिका, ती हजारांत जाते. तिथे क्रमांकावरून काही कळत नाही, पाण्यावरूनच कळतं.

मोरपंखी

सगळे प्रतिसाद आवडले, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही ती बोलते. “मुद्दाम हरवणं” सगळ्यांना सारखं परवडत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये बिनकामाने, रमत फिरणाऱ्या माणसासाठी खास शब्द होता, फ्लानर. कवी बोदलेअरने १८६३मध्ये त्याचं मोठं कौतुक केलं. पण तो पुरुष होता. जॉर्ज सँड ही लेखिका १८३१च्या सुमारास त्याच शहरात पुरुषाचा कोट आणि बूट घालून फिरायची, कारण तिला मोकळं चालायचं होतं आणि बाईच्या वेशात ते शक्य नव्हतं. मी एकटी प्रवास करते तेव्हा मला ती आठवते. कोट घालावा लागत नाही आता. पण संध्याकाळी रिकाम्या गल्लीच्या तोंडाशी मी जे क्षणभर थांबते, ते माझ्या भावाला थांबावं लागत नाही.

म्हणून मी हरवते ती सकाळी. नव्या शहरात पहिल्यांदा परतीची वाट पक्की करते, उजेडात, दोनदा चालून. स्टेशनपासून मुक्कामापर्यंतची ती वाट रात्रीही माझी असते. बाकी शहर दिवसाचं. रात्री फिरायचंच असेल तर जिथे नेहमीची माणसं फिरतात तिथे. इस्तंबूलमध्ये मी संध्याकाळी फेरीबोटीवर असायचे. एमिनोन्यूहून काडिकॉय, युरोपातून आशियात, वीसेक मिनिटं. ऑफिसातून घरी निघालेल्या बाया, शाळकरी मुली, म्हातारी माणसं. तेवढी निर्धास्त मी त्या शहरात दुसरीकडे कुठे नव्हते, आणि तेवढी त्या शहरातलीही.

उंबरठा

मी नेहमी फक्त वाचतो. आज लिहितो, कारण मी दुसऱ्या बाजूला राहतो. आमची गल्ली जुनी आहे, ‘आड वाटेवरची’ म्हणून फोटोंत यायला लागली आहे. पूर्वी पर्यटक हमरस्त्यावर यायचे आणि जायचे. आता मोकळं हिंडणारे येतात. दारात बसलेल्या माझ्या आजीचा फोटो काढतात, न विचारता. एकदा एक जण जिन्यापर्यंत आला होता.

क्योटोच्या गिऑन भागात २०२४मध्ये खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या, त्यामागे असंच काही होतं. गेइको (तिथल्या गेइशा) आणि माइको (शिकाऊ गेइशा) कामावर जाताना लोक त्यांच्या मागे लागत होते. मोरोक्कोत फेजच्या जुन्या शहरात बोळ निमुळते होत जातात आणि शेवटी बंद होतात. ते वाटेत सोडलेले कोपरे नाहीत. ते तिथल्या चार-पाच घरांचं अंगणच आहे.

यादीवाला पर्यटक निदान ठरलेल्या जागी असतो. मोकळ्या हिंडणाऱ्याने बंद बोळाशी थांबावं, एवढंच.

उतारू

उंबरठा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. मी पोस्टमन्स पार्कला सार्वजनिक बाग म्हणून शिरलो, पण तीन आठवड्यांत काही अंगणांत ‘बघू तरी’ म्हणूनही डोकावलो आहे. ते कोणाचं तरी घर होतं. यापुढे नाही.

मोरपंखी, मी लिहिताना हा विचारच केला नव्हता. परतीची वाट आधी, हे मी पुतणीला सांगणार आहे.

रानजाई

सगळा धागा एका दमात वाचला. वाचनखूण साठवली आहे. आता माझी अडचण. पुढच्या महिन्यात आईला घेऊन चार दिवस लंडनला जाते आहे. आई ७१ वर्षांची, गुडघे दुखतात, एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवत नाही. टूर नको म्हणते. तिला ‘मोकळं’ कसं दाखवू?

उतारू

रानजाई, नक्की जमेल. चालणं म्हणजे सगळं काही नव्हे.

भुयारी रेल्वे शक्यतो टाळा. बऱ्याच स्टेशनांना लिफ्ट नाही. नकाशावर चाकाच्या खुर्चीचं चिन्ह असलेलीच स्टेशनं निवडा. कोव्हेंट गार्डनचा गोल जिना १९३ पायऱ्यांचा आहे, तिकडे लिफ्ट बंद असेल तर फिरकूसुद्धा नका. त्यापेक्षा साधी शहर बस. सगळ्या बस खालच्या पायरीच्या आहेत. रस्ता दिसत राहतो, दोन ठिकाणांच्या मधलं शहर दिसतं, आणि आवडलं तिथे उतरता येतं. नॅशनल गॅलरी आणि ब्रिटिश म्युझियमच्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, त्यामुळे अर्धा तास बघून बाहेर पडायला जिवावर येत नाही. दुसऱ्या दिवशी परत जा.

आणि एक दिवस फक्त नदीला द्या. दक्षिण काठावर वेस्टमिन्स्टर पुलापासून टॉवर ब्रिजपर्यंत सुमारे चार किलोमीटर पायवाट आहे, बाकं भरपूर. सगळी चालू नका. एक बाक निवडा. थेम्सला भरती-ओहोटी येते हे मला टूरमध्ये कळलंच नव्हतं, कारण आम्ही नदी एकदाच पाहिली होती. शहराच्या मधोमध पाणी सुमारे सात मीटर चढतं आणि उतरतं! ओहोटीला ऑक्सो टॉवरजवळ चक्क वाळू उघडी पडते. बंदर प्राधिकरण भरतीच्या वेळा जाहीर करतं, त्या बघून जा.

तिसरा_मजला

रानजाई, आईंना एकदा बिग बेनही दाखवा हो. :)

रानजाई

परत आलो. वृत्तान्त द्यायलाच हवा.

बिग बेन पाहिला, पहिल्याच दिवशी, बसच्या वरच्या मजल्यावरून. आईने जिना चढायचा हट्ट धरला, मी मागून आधार दिला. तिसरा_मजला, तिला तुमचा निरोप सांगितला होता.

नदीचा दिवस तिसरा. ऑक्सो टॉवरजवळ बाकावर सकाळी साडेदहाला बसलो तेव्हा खाली वाळू होती, एक मुलगा कुत्र्याबरोबर पळत होता. काठावरून खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आईने मोजल्या. पाणी चढायला लागलं तशी एक-एक पायरी जाताना ती मला सांगत होती. मी मधे दोनदा उठून आसपास फिरून आले, ती हलली नाही. दीडच्या सुमारास वाळू पूर्ण गेली. शेजारच्या बाकावरच्या बाई रोज तिथे येणाऱ्या निघाल्या. आईचं इंग्रजी मोडकं, त्यांना आईचं निम्मं कळत नसावं, पण दोघी पाण्याकडे हात करून बराच वेळ बोलत होत्या.

शेवटच्या सकाळी पहारा बदलण्याचा सोहळा बघितला. गर्दी फार होती, आईला नीट दिसलं नाही. संध्याकाळी पुन्हा त्याच बाकावर गेलो. रात्री तिने हॉटेलच्या कागदावर नकाशा काढला, सावकाश यांनी सांगितल्याप्रमाणे. त्यात एक नदी, एक बाक, बसचा रस्ता आणि घड्याळाचा मनोरा आहे. फ्रेम करायला दिलाय.

आता ती इस्तंबूल म्हणते आहे. मोरपंखी, ती फेरीबोट गुडघ्यांना झेपेल का? आणि कोणत्या बाजूला बसायचं?

मोरपंखी

किती छान लिहिलंस रानजाई! आईंना माझा नमस्कार.

झेपेल. धक्क्यावरून बोटीत शिरताना फळी असते, तेवढी हात धरून पार करा. आत गेलात की खालच्या मजल्यावर भरपूर बाकडी आहेत, वर चढायची गरज नाही. जाताना मागच्या टोकाला बसा, म्हणजे तोपकापी राजवाडा आणि आयासोफियाचा घुमट हळूहळू लांब जाताना दिसतात. पण खरी बोट परतीची. काडिकॉयहून सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी निघा आणि पुढे तोंड करून बसा. जुनं शहर पश्चिमेला आहे, सगळे घुमट आणि मनोरे उजेडासमोर काळे होत जातात. उतरल्यावर आईंना वाटलं तर पुन्हा त्याच बोटीत बसा. मी एकदा लागोपाठ तीनदा बसले होते.